मागच्या लिफ्टची गोष्ट कशी लिहावी?

परळहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव न छापण्याच्या त्यांच्या विनंतीला मान देऊन पत्रातला आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे.

‘मी एका विमा कंपनीच्या शाखेत हिशेबाचे काम करते आणि गेली काही वर्षे कथा लिहिण्याचा प्रयत्न करते आहे. एका कार्यशाळेत आम्हाला सांगण्यात आले की, सामाजिक प्रतिष्ठेवरच्या चांगल्या कथा घ्या, त्या उलगडून पाहा, म्हणजे तंत्र कळेल. त्याप्रमाणे मी फ्रेंच लेखक मोपासाँची हाराची कथा, रशियन लेखक गोगोलची ओव्हरकोटची कथा, प्रेमचंदांची ‘ठाकुर का कुआँ’ आणि बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथा वाचल्या आणि वहीत पाच रकाने आखून विषय, आशय, पात्रे, संघर्ष आणि संदेश लिहून काढले. वही भरली, कथा मात्र सुधारल्या नाहीत. टॉवरमध्ये काम करणाऱ्या बाईला वॉचमन मागच्या लिफ्टने जायला सांगतो, या प्रसंगावरची माझी कथा दोन संपादकांकडून परत आली. ‘प्रसंग चांगला आहे, शेवटी भाषण झाले आहे,’ असे एकाने कळवले. पृथक्करण करून खरोखर लिहिता येते का, की असलेली ऊर्मीही त्याने मरते? आणखी एक अडचण आहे. आमच्या चाळीचा पुनर्विकास झाला. आम्ही पुनर्वसनाच्या इमारतीत राहतो आणि माझी आत्या त्याच आवारात बिल्डरने विकण्यासाठी बांधलेल्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाते. नातेवाइकांना मात्र ती ‘कॅटरिंगचे बघते’ असे सांगते. असे काही लिहिले तर घरचे ओळखतील, याची भीती वाटते.’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वहीतला ‘संदेश’ हा रकाना तुम्ही आजच बंद करावा, अशी माझी पहिली विनंती आहे. हाराच्या कथेपुढे त्या रकान्यात ‘खोट्या प्रतिष्ठेच्या मागे लागू नये’ अशा अर्थाचे काहीतरी लिहिले गेले असणार. ते चूक नाही. परंतु तेवढेच सांगायचे असते तर मोपासाँला हार, मंत्र्यांकडचा समारंभ, सावकार आणि दहा वर्षे यांपैकी कशाचीही गरज पडली नसती. विषय, आशय आणि संदेश हे तिन्ही रकाने कथा वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती जे उरते त्याचीच नोंद ठेवतात. लेखकाने कोणती गोष्ट आधी सांगितली, कोणती दाबून ठेवली, कुठे तो रेंगाळला आणि कुठे त्याने वर्षेच्या वर्षे एका दमात उरकली, याला तुमच्या वहीत जागाच नाही. तंत्र शिकायचे असेल तर ही दुसरी नोंद ठेवावी लागते.

अभ्यासासाठी प्रतिष्ठेवरच्याच कथा का सुचवल्या जातात, हे कार्यशाळेत सांगितले गेले असते तर तुमचे बरेच कष्ट वाचले असते. दर्जा हा एकट्या माणसाजवळ नसतो, तो दोन माणसांच्या मध्ये असतो. खोलीत एकटा बसलेला माणूस कोणापेक्षा वरही नसतो आणि खालीही नसतो. दाराची कडी वाजली, की तो बनियनवर शर्ट चढवतो, चटईवरचा पसारा पलंगाखाली सारतो, आणि तेथून दर्जाला सुरुवात होते. दुःख किंवा प्रेम लेखकाला पात्राच्या मनात शिरून सांगता येते, दर्जा मात्र वागण्यातून दाखवावाच लागतो, आणि म्हणून या विषयावरच्या चांगल्या कथांमध्ये लेखकाची कारागिरी उघड्यावर पडलेली असते. अशी कथा तपासताना प्रत्येक प्रसंगापाशी थांबून विचारावे की येथे कोणाची नजर आहे, त्या नजरेपासून काय लपवले जात आहे आणि त्या लपवण्याची किंमत कोण मोजत आहे. मुंबईकरांना हे शिकवावे लागू नये. ‘कुठे राहता?’ या प्रश्नाला ‘बांद्रा’ असे उत्तर देणारा माणूस ‘ईस्ट की वेस्ट?’ हा पुढचा प्रश्न येण्याआधी क्षणभर गप्प होतो, आणि नजर, लपवणे व किंमत हे तिन्ही त्या गप्प होण्यात येऊन जाते.

आता हाराची कथा घेऊ, आणि ती जरा सावकाश पाहू, कारण चार कथा घाईने उलगडण्यापेक्षा एक कथा पुरती उलगडणे अधिक उपयोगाचे आहे. ही कथा 1884 साली पॅरिसच्या एका दैनिकात प्रथम छापली गेली. माथिल्द ही शिक्षण खात्यातल्या एका साध्या कारकुनाची बायको आहे. खात्याच्या मंत्र्यांकडच्या समारंभाचे निमंत्रण नवरा मोठ्या कौतुकाने घरी आणतो आणि ती ते टेबलावर भिरकावते, कारण तिच्याकडे नेसायला काही नाही. नव्या पोशाखासाठी ती 400 फ्रँक मागते. लेखक येथे एक बारीकशी गोष्ट सांगतो. नेमकी तेवढीच रक्कम नवऱ्याने बंदूक घेण्यासाठी बाजूला ठेवली होती. येत्या उन्हाळ्यात रविवारी मित्रांबरोबर चंडोल मारायला जाण्याचा त्याचा बेत होता. बहुतेक वाचक या वाक्यावरून पुढे निघून जातात. मात्र याच वाक्यामुळे नवरा बायकोच्या हौसेपुढे नमणारा नुसता बापुडवाणा गृहस्थ उरत नाही. चार मित्रांत बंदूक घेऊन मिरवण्याची त्याची स्वतःची एक छोटी हौस आहे, आणि ती तो गुपचूप सोडून देतो. प्रतिष्ठेच्या कथेत एकच पात्र प्रतिष्ठेसाठी झुरते आणि बाकीचे नुसते बघत असतात, असे झाले की कथा एकांगी होते. मोपासाँने एका वाक्यात तो धोका टाळला आहे.

पुढे मैत्रिणीकडून हार उसना आणला जातो, समारंभात माथिल्दचे खूप कौतुक होते, आणि पहाटे चारच्या सुमाराला ती निघते. या कथेतले सर्वांत शिकण्यासारखे तंत्र या निघण्यात आहे. नवरा घरून आणलेली रोजची साधी वस्त्रे तिच्या खांद्यावर टाकतो. उंची फर पांघरणाऱ्या इतर बायकांच्या नजरेस ती पडू नयेत म्हणून माथिल्दला तेथून पळावेसे वाटते. नवरा म्हणतो, थांब, बाहेर गारठा आहे, मी गाडी बोलावतो. ती ऐकत नाही आणि भराभर जिना उतरते. बाहेर गाडी मिळत नाही. दोघे कुडकुडत नदीपर्यंत चालत जातात आणि तेथे त्यांना एक जुनाट गाडी सापडते. दिवसाउजेडी आपली दैना दाखवायला लाजाव्यात तशा ज्या गाड्या पॅरिसमध्ये फक्त रात्री दिसत, त्यांपैकी एक. घरी पोचल्यावर आरशासमोर उभी राहताना तिच्या लक्षात येते की गळ्यात हार नाही. गाडीचा नंबर दोघांपैकी कोणीही पाहिलेला नसतो.

हार कुठे पडला ते लेखक सांगत नाही, पण का पडला ते त्याने दाखवून ठेवले आहे. ती चारचौघींसारखी दारात थांबली असती, गाडी तिथेच आली असती, तर बहुधा हार घरी पोचला असता. म्हणजे कथेला कलाटणी देणारी घटना योगायोगाने घडत नाही, ती लाजेतून घडते. नवशिक्या लेखकाने येथे खिसेकापू आणला असता आणि मग त्या खिसेकापूचा प्रतिष्ठेशी काही संबंध उरला नसता. तुमच्या वहीत ‘संघर्ष’ हा रकाना आहे. त्याच्या जागी ‘कलाटणी कोणाच्या लाजेमुळे किंवा हट्टामुळे आली’ असा रकाना आखा, आणि मग तुमच्या स्वतःच्या जुन्या कथा त्यातून काढून पाहा. किती कलाटण्या केवळ योगायोगाने आल्या आहेत ते तेथल्या तेथे कळेल.

दुसरी जागा हार परत करण्याची आहे. तसाच दिसणारा खऱ्या हिऱ्यांचा हार 36,000 फ्रँकांना घेतला जातो. त्यांतले 18,000 नवऱ्याला वडिलांकडून मिळालेले असतात आणि बाकीचे कर्ज असते. माथिल्द डबी घेऊन मैत्रिणीकडे जाते. उशीर झाल्याबद्दल मैत्रीण जरा थंडपणे बोलते आणि डबी उघडून पाहत नाही. हे न उघडणे पहिल्या वाचनात सुटकेसारखे वाटते, कारण बदललेला हार ओळखला जाईल या भीतीने माथिल्दबरोबर आपणही श्वास रोखून धरलेला असतो. शेवट कळल्यावर तेच वाक्य पूर्ण वेगळे वाचले जाते, कारण मूळ हार नकली होता, फार तर 500 फ्रँकांचा, आणि नकली हार परत आल्यावर कोण कशाला पाहील? एका न केलेल्या कृतीवर सारी कथा तोललेली आहे, आणि लेखकाने ती कृती वाचकासमोर उघडउघड ठेवली आहे. शेवट चकवणारा असला तरी फसवणारा नाही, तो याच कारणाने. असा शेवट लिहिण्याची इच्छा पुष्कळांना होते, मात्र आधीच्या पानांत असे प्रामाणिक वाक्य पेरण्याचे कष्ट थोडेच लोक घेतात.

या कथेतले आकडेही एकदा ओळीने वाचा: पोशाखाचे 400, हाराचे 36,000, शेवटचे 500. मोपासाँ श्रीमंती आणि गरिबी हे शब्द वापरून भागवत नाही, तो किंमत सांगतो. एका रात्रीचे वर्णन तो तपशिलाने करतो आणि कर्ज फेडण्याची दहा वर्षे, मोलकरीण काढून टाकणे, माळ्यावरच्या खोलीत राहायला जाणे, भांडी घासणे, भाजीवाल्याशी पैशापैशावरून हुज्जत घालणे, हे सारे थोडक्यात उरकतो. आपल्याकडच्या होतकरू लेखकाने या दहा वर्षांच्या हालांवरच कथेचा बहुतेक भाग खर्च केला असता, कारण हाल लिहिताना आपण काही गंभीर लिहीत आहोत असे वाटते. आणि शेवटी मैत्रीण हाराबद्दलचे एक वाक्य बोलते तेथे कथा थांबते. माथिल्दला काय वाटले याबद्दल एक शब्दही नाही. तुमच्या संपादकाने ज्याला भाषण म्हटले ते नेमके या जागी येते.

बागुलांच्या कथेकडे वळताना एक सावधगिरी बाळगायला हवी. 1963 साली त्याच नावाच्या संग्रहात आलेली ही कथा ‘सामाजिक प्रतिष्ठा’ या मथळ्याखाली हाराच्या शेजारी ठेवणे मला पूर्णपणे पटत नाही. माथिल्दने गमावलेले पैशाने भरून निघते, तेवढ्यासाठी तिचे तारुण्य खर्ची पडले तरीही. जातीच्या बाबतीत असे फेडून मोकळे होणे नसते, आणि लपवलेली जात उघडी पडली तर नुसता ओशाळेपणा येत नाही, मार बसतो. एवढा फरक मनाशी पक्का ठेवून मग तंत्राकडे पाहावे.

ते तंत्र हाराच्या कथेच्या बरोबर उलट आहे. तेथे गुपित वाचकापासून लपवलेले आहे. येथे शीर्षकातच ते सांगून टाकले आहे, आणि ज्यांच्यापासून ते लपवायचे ती माणसे कथेत नायकाच्या भोवती वावरतात. रेल्वेतल्या नोकरीसाठी गुजरातेत गेलेल्या या तरुणाला जात विचारली जाते तेव्हा तो आपण मुंबईकर असल्याचे सांगतो. (या शहराचे नाव जातीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुढे करावेसे वाटणे, हा मुंबईचा गौरव समजावा की तिच्यावरचे भाष्य, ते प्रत्येकाने ठरवावे.) त्यानंतर त्याला मिळणारा प्रत्येक मान वाचकाला धास्तावून सोडतो. त्याच्यातल्या कवीवर भाळून एक सहकारी त्याला गुरूस्थानी मानतो, आणि तो जितका वर चढवला जातो तितके उंचावरून पडणे ठरत जाते. म्हणजे सन्मान हेच संकट होऊन बसते. शिवाय बागुलांनी त्याच्यासमोर त्याच्याच समाजातला, जात न लपवता अंगावर येणाऱ्याला शिंगावर घेणारा दुसरा माणूस उभा केला आहे, त्यामुळे लपवण्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वाचकाला कोडे घालायचे की वाचकाला भागीदार करून घ्यायचे, हा निर्णय गुपित असलेल्या प्रत्येक कथेत पहिल्या पानाआधी घ्यावा लागतो.

या कथेच्या शेवटी नायक बोलतो, हेही लक्षात घ्या. मार खाल्लेला हा माणूस, आपल्याला यांनी मारलेले नाही, मनूने मारले आहे, अशा अर्थाचे बोलतो. ते भाषण का वाटत नाही? कारण ते एवढ्यातच संपते, ते वाचकाला अपेक्षित नसते, आणि मार देणाऱ्यांना सोडून त्यांच्यामागे कित्येक शतके उभ्या असलेल्या व्यवस्थेकडे ते बोट दाखवते. तेव्हा ‘शेवटी कोणी बोलू नये’ असा नियम तुम्ही संपादकाच्या पत्रातून काढू नका. बोलणाऱ्याने तो अधिकार कथेत कमावलेला असावा आणि बोलल्यामुळे कथा पुढे जावी, एवढेच पुरे.

प्रेमचंदांच्या 1932 सालच्या कथेतली एकच जागा दाखवतो. आजारी नवऱ्याला पिण्याजोगे पाणी मिळावे म्हणून गंगी रात्री चोरून ठाकुराच्या विहिरीवर जाते आणि अंधारात दबा धरून बसते. तेवढ्यात दोन सवर्ण बायका पाण्याला येतात आणि आपल्याला घरात मोलकरणीसारखे राबवतात म्हणून कुरकुर करू लागतात. ज्या विहिरीला हात लावण्यासाठी गंगी जिवावर उदार झाली आहे, त्याच विहिरीवर हात लावण्याचा हक्क असलेल्या बायका आपण दासी असल्याचे रडगाणे गातात, आणि लेखक त्यावर टीका-टिप्पणी न करता गंगीला ते ऐकत बसवतो. खालच्या पायरीवरून पाहिले की वरच्या पायरीलाही आणखी पायऱ्या दिसतात. तुमच्या कथेतल्या टॉवरच्या मालकिणीला ही सोय तुम्ही दिलेली नाही. गोगोलच्या 1842 सालच्या कथेतला बडा अधिकारीही असाच आहे. ओव्हरकोट चोरीला गेलेल्या गरीब कारकुनावर तो ओरडतो ते कारकुनावरच्या रागापेक्षा, खोलीत बसलेल्या आपल्या जुन्या मित्रावर छाप पाडण्यासाठी ओरडतो, कारण तो बडा झाला त्याला फार काळ लोटलेला नाही. नजर कोणाची आहे हे शोधा, असे मी वर म्हटले त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता तुमच्या कथेविषयी. पत्रात दिला आहे तेवढाच भाग माझ्यासमोर आहे, तरी त्यावरून दिसते ते सांगतो. वॉचमन बाईला मागच्या लिफ्टने जायला सांगतो, बाई अपमानित होते, शेवटी बोलते. येथे कोणी काही लपवत नाही, त्यामुळे कोणाला कशाची किंमत मोजावी लागत नाही. नजर एकाच बाजूची आहे, आणि कोण चांगले व कोण वाईट हे लिफ्टचे दार उघडण्याआधीच ठरलेले आहे. अशा कथेत लेखकाला करण्यासारखे काही उरत नाही, म्हणून तो भाषणाकडे वळतो.

गंमत अशी, की ज्या कथेविषयी तुम्ही विचारले ती तुमची खरी कथा नाही. भीती म्हणून शेवटी जे लिहिले ती आहे. चाळीच्या खोलीला भाडे नावापुरते असायचे. पुनर्विकासानंतर मालकीचा फ्लॅट मिळतो, स्वतःचे न्हाणीघर-संडास मिळतो, मुलांच्या लग्नाच्या बोलण्यात पत्ता सांगताना आवाज चढतो, आणि त्याचबरोबर दर महिन्याला मेंटेनन्सचे बिल येऊ लागते. त्या आवारातल्या घरांसाठी ते किती आहे, ते तुम्ही हिशेबाचे काम करता तेव्हा रुपयांत मांडू शकाल, आणि कथेत तो आकडा आलाच पाहिजे. आत्या स्वयंपाकाला जाते ती या बिलासाठी जात असेल का, हे मला ठाऊक नाही. परंतु तुमच्या कथेतली बाई त्यासाठी जाऊ शकते. ज्या घरामुळे समाजात तिची मान वर झाली, ते घर राखण्यासाठी ती शेजारच्या टॉवरमध्ये पोळ्या लाटते आणि ते कोणाला कळू नये म्हणून कॅटरिंगचे नाव सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकून ठेवायला दर महिन्याला काय लागते, याचा हिशेब या म्हणीत नाही. तो तुमच्या कथेत यावा.

मग मागच्या लिफ्टकडे पुन्हा पाहा. अशा बाईला मागची लिफ्ट अपमानाची वाटेलच असे नाही. पुढच्या लॉबीत तिला कोणी ओळखीचे भेटू शकते. मागच्या लिफ्टमध्ये तिच्यासारख्याच चौघीजणी, कचऱ्याचे डबे आणि दुरुस्तीचे सामान असते, आणि तेथे तिचे गुपित सुरक्षित राहते. समजा एके दिवशी मागची लिफ्ट बंद पडली आणि भल्या स्वभावाच्या वॉचमनने ‘मावशी, या ना पुढून’ म्हणून तिला सन्मानाने पुढच्या लिफ्टमध्ये बसवले, आणि आत मुलाच्या ठरू घातलेल्या सोयरिकीतले कोणी उभे असले, तर चांगुलपणानेच तिचे बिंग फुटेल. या कथेत दुष्ट कोणीच नाही आणि भाषणाला जागाही नाही. हा एक नमुना म्हणून सांगितला. तो उचलू नका, कारण तुमच्या आवारातली दोन प्रवेशद्वारे, पार्किंगचे नियम आणि गणपतीची वर्गणी कोणाकडून किती घेतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त माहीत आहे. गिरण्या, 1982 चा संप आणि त्या जमिनींवर उभे राहिलेले टॉवर यांचा इतिहास मात्र परिच्छेद करून सांगू नये. परळच्या वाचकाला तो माहीत आहे आणि बाहेरच्याला तो एखाद्या म्हाताऱ्याच्या बोलण्यातून कळेल.

मराठीने आपल्याला एक हत्यार फुकट दिले आहे, ते तुम्ही अजून वापरलेले दिसत नाही. कोण कोणाला ‘तू’ म्हणते, कोण ‘तुम्ही’, वयाने मोठ्या बाईला पंचविशीतली मालकीण ‘मावशी’ म्हणूनही एकेरीत बोलते का, आणि कोणत्या वाक्यापासून ते बदलते, एवढ्यावर एक सबंध प्रसंग वर-खाली होऊ शकतो. हाराच्या कथेच्या शेवटीही हेच आहे: कष्टाने रापलेली माथिल्द इतक्या सलगीने हाक मारते याचेच मैत्रिणीला आधी आश्चर्य वाटते, ओळख नंतर पटते.

ऊर्मी मरते का, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. शिवण शिकणारी मुलगी जुना ब्लाउज उसवून त्याचे तुकडे कागदावर ठेवून पाहते. त्याने तिची हौस मरत नाही, फक्त पुढच्या ब्लाउजची बाही कुठे चुकेल ते तिला आधी कळते. पण पहिला खर्डा लिहिताना वही शेजारी ठेवू नये. तो भरभर, जसा येईल तसा लिहावा, आणि मग काही दिवसांनी परक्याची कथा समजून उसवावा. पृथक्करण करताना लिहिणारे आणि लिहिताना पृथक्करण करणारे, दोघांचीही गाडी अडते.

एक स्वाध्याय देतो. हार परत येतो तो प्रसंग मैत्रिणीच्या, म्हणजे फोरेस्तियेबाईंच्या बाजूने एका पानात लिहा. आपला हार नकली आहे हे तिला माहीत आहे. समोरच्या गरीब मैत्रिणीला ते कळू नये असे तिला का वाटते, तेही तुम्हीच ठरवा. आणि ‘खोटा’, ‘नकली’ किंवा ‘काच’ हे शब्द कुठेही वापरू नका. डबी न उघडण्याचे कारण वाचकाला केवळ तिच्या वागण्यातून कळले पाहिजे. मूळ कथेची भाषांतरे तुम्हाला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी कथासंग्रहांत शोधता येतील. दोन भाषांतरे मिळाली तर दोन्ही वाचा, एकात गाळलेला तपशील दुसऱ्यात सापडतो.

राहिला आत्यांचा प्रश्न, आणि येथे मी थोडा कडक होणार आहे. नाव बदलले की झाले, असे पुष्कळ लेखक मानतात. परळच्या पुनर्वसन इमारतीतली, शेजारच्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाणारी आणि कॅटरिंगचे नाव सांगणारी बाई नाव बदलल्याने झाकली जात नाही, आणि जे गुपित त्या जपत आल्या ते भाचीच्या कथेतून सोयऱ्यांना कळले तर तुमच्या वॉचमनने जे केले त्याहून ते वाईट होईल. म्हणून यंत्रणा ठेवा आणि माणूस बदला. स्वयंपाकाऐवजी दुसरे काम, आत्याऐवजी दुसरे नाते, परळऐवजी तुम्हाला चांगली माहीत असलेली दुसरी वस्ती, आणि कॅटरिंगऐवजी त्या कामाला साजेल असे वेगळेच पांघरूण शोधा. हा बदल करताना कथा ढासळली, तर ती कथा नव्हती, ती बातमी होती, असे समजावे. बदल करूनही घरच्यांपैकी कोणी ओळखेल अशी रास्त शंका राहिली तर ती यंदा छापायला देऊ नका. आत्यांना आधी वाचून दाखवण्याचा सल्ला मी देणार नाही. तुम्हाला हे माहीत आहे हे त्यांना माहीत नसेल, तर तेही एक गुपितच आहे आणि ते फोडणे तुमच्या हातात नसावे.

दिवाळी अंकांकडे कथा पावसाळ्यातच पोचवाव्या लागतात, त्यामुळे घाई होत असेल तर या वर्षीचा अंक सोडून द्या. आधी फोरेस्तियेबाईंचे पान लिहा आणि ते या सदराच्या पत्त्यावर पाठवा; लिफ्टची कथा त्यानंतर.